निळवणीचे दोन पंथ

उत्कर्षाने दवाखान्यातल्या पलंगाचा दांडा फिरवून जयदीपचं डोकं जरा वर केलं आणि चमच्याने पाणी पाजलं. दोन घोट त्याने गिळले, तिसरा ओठांवरून ओघळला.

"ताई, मी पंथ बदलतोय. आजपासून मी सोडणारा."

तिने रुमालाने त्याची हनुवटी टिपली. डॉक्टर आता दिवसांचीच भाषा बोलत होते.

वडील, म्हणजे अण्णा, चाकणच्या कारखान्यात अपघातात गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती, जयदीप नऊचा. त्या उन्हाळ्यात सांगवीच्या घराच्या गच्चीवर भावंडांनी निळवण नावाचा देश रचला. तिथे दोन पंथ. जपणारे रोज जेवताना मेलेल्याचं नाव घेत, नाहीतर त्याला घास पोचत नाही म्हणत. सोडणारे ते नाव एकदाच नदीला सांगत आणि पुन्हा उच्चारत नसत. हाका मारल्या की जाणाऱ्याचे पाय अडखळतात, असं ते मानत. जयदीप जपणाऱ्यांचा पुजारी झाला. उत्कर्षा सोडणाऱ्यांची, कारण अण्णांचं नाव निघालं की आई ताटावरून उठायची. त्यावरून दोघं वीस वर्षं भांडली. बहुतेकदा चेष्टेत, कधीकधी खरंच.

"निळवणीत पंथ बदलता येत नाही," ती म्हणाली.

"हा नियम कधी झाला?"

"आत्ता."

तो हसला आणि खोकत राहिला. "आईसमोर माझं नाव काढू नकोस. अण्णांच्या वेळी तिचं काय झालं होतं, आठवतं ना? शब्द दे."

तिने दिला.

पाचव्या दिवशी तो गेला. उत्कर्षाने त्याचे शर्ट माळ्यावर ठेवले. भेटायला आलेल्यांनी विषय काढला की ती चहा टाकायला उठायची. महिनाभर घरात त्याचं नाव निघालं नाही.

एका दुपारी ती आणि आई शालनबाई मेथी निवडत होत्या. शालनबाईंचे हात मध्येच थांबले.

"तुजा बाप गेला तवाबी तू अशीच गप झाली व्हतीस. येकदाबी अण्णा म्हन्ली न्हाईस. मला वाटलं, पोर इसरली."

"आई, तू रडायचीस म्हणून..."

"रडायची तर! पर जयदीप बोलायचा तवा बरं वाटायचं. त्येच्यासंगं मीबी बोलायची." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आता त्योबी न्हाई. आता कुनाशी बोलू?"

उत्कर्षाच्या मुठीत जुडी चुरगळली.

"अण्णा," ती म्हणाली.

शालनबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं आणि त्या पुढच्या नावाची वाट बघत बसल्या.