क्रेट नाही, तर फळ नाही

मित्रांनो, मी एक जुना निळा क्रेट आहे. जाळीच्या अंगाचा, प्लास्टिकचा. कारखान्यातल्या साच्यातून निघालो आणि खांडबाऱ्याजवळच्या एका डोंगरगावात आलो. तिथल्या बायांचा बचत गट चालवणाऱ्या एस्तेरताईंनी आम्हा भावंडांना आणलं होतं.

त्या बाया डोंगरातून सीताफळं तोडून आणतात. पूर्वी ती पोत्यांत भरून विसरवाडीचे व्यापारी रतिलालशेठ यांना देत, आणि ते ती सुरतेच्या दुकानात नेऊन विकत. सुरतेला पोचेपर्यंत तळातली फळं चेंगरत आणि नुकसान बायांच्या माथी बसे. माझ्या पोटात मात्र फळ ऐसपैस बसतं, त्याला वारा लागतो. पहिल्याच हंगामात मागणी वाढली. काय मिरवलो तेव्हा मी!

पण शेठनी आमची रिकामी भावंडं परत आणणं बंद केलं.

"रिकामा क्रेट आणाले गाडीमा जागा नही," ते म्हणाले. "पोतामा भरा."

एका सकाळी अंगणात ताजी फळं रचली होती आणि क्रेट थोडेच उरले होते. शेठची गाडी पोती घेऊन आली. तेव्हा गटातल्या सर्वांत वयस्कर रूपीबाई माझ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"फळ आमनं शे, शेठ. क्रेट नही, ते फळ नही!"

"मंग सडू द्या!" म्हणत शेठ गाडी घेऊन निघून गेले.

फळं पिकून वाया गेली, तर हंगाम हातचा जाणार होता. खरं सांगतो, मीही घाबरलो.

एस्तेरताईंनी भाऊ योहानला पिकअप घेऊन बोलावलं. होते तेवढे क्रेट भरले. उरलेल्या फळांचा गर काढायला बाया बसल्या. रूपीबाई स्वतः आमच्याबरोबर सुरतेला, शेठ माल देत त्याच दुकानापर्यंत आल्या.

दुकानदारानं मला तळापर्यंत उपसून पाहिलं. एकही फळ चेंगरलं नव्हतं.

"रोज असाच माल द्याल?"

"आमचे क्रेट परत द्या, मग देऊ," रूपीबाई म्हणाल्या.

तो गोदामात गेला आणि धूळ खात पडलेली माझी भावंडं बाहेर घेऊन आला. तेव्हापासून पिकअप भरलेले क्रेट नेते आणि रिकामे घेऊन येते. आता तर माल मागायला आलेले शेठही पोत्यांचं नाव काढत नाहीत.

मित्रांनो, माझा एक कोपरा तडकलाय. म्हणून मला भंगारात घालाल, तर मी ऐकणार नाही! तारेनं शिवा मला. आपटू नका, माझ्यावर उभे राहू नका. आणि रिकामा झालो की वाटेत टाकून येऊ नका. भरून गेलेला मी घरी परतलो, तरच उद्याचं फळ धड पोचेल.

ती बघा, पिकअप आली. चला, भरा मला!