चौथा ट्रॅक

विश्वजीतच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘कीबोर्ड प्लेअर आणि रेकॉर्ड प्रोड्यूसर’ असं छापलं होतं आणि व्हिसावर ‘स्टोअरकीपर’. त्यातलं कीबोर्डचं तेवढं खरं होतं. बहरीनमध्ये, हूरा भागातल्या एका हॉटेलात दोन गोवेकर आणि एका श्रीलंकन गायकाबरोबर त्याने सहा वर्षं रेगे वाजवलं. रेकॉर्ड मात्र एकही काढली नाही. शहाण्णवच्या मार्चमध्ये हॉटेलने बँड काढून त्या जागी मोठा टीव्ही बसवला, आणि स्टोअरकीपरचा व्हिसा कॅन्सल झाला. रविवारी नागपूरला परतायचं होतं. तिथे मोठ्या भावाच्या मंडप डेकोरेशनमध्ये त्याची सोय झाली होती, म्हणजे आता काही इलाज नव्हता.

जाण्याआधी एक तरी रेकॉर्ड हवी होती. तिच्यात आपलं रेगे ऐकू आलं पाहिजे, नाहीतर बहरीनमध्ये सहा वर्षं काय केलं हे भावाला सोडा, स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बहरीनमधल्या मराठी माणसांच्या मंडळाला बाबासाहेबांच्या जयंतीसाठी भीमगीताची कॅसेट काढायची होती. चिटणीस हरिदास शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने मुंबईला निघाला होता, तो टेप तिथल्या कॅसेटवाल्याला देणार होता. म्हणून शुक्रवारी सकाळी ईसा टाउनला हरिदासच्या हॉलमध्ये सगळे जमले. आवाज येतो म्हणून एसी बंद केला होता. भागीरथाताई गाणार होत्या. त्या एका ऑफिसात टायपिस्ट, मूळच्या भंडाऱ्याच्या, आणि आवाज असा की त्यांच्यापुढे माइक ठेवायचा तो केवळ मान म्हणून. ढोलकीला दत्ताराम. टाळ्या आणि कोरसला मंडळातली सहा माणसं. विश्वजीतच्या रेकॉर्डिंग मशीनवर वेगवेगळे भरता येणारे चार ट्रॅक होते: गाणं, कोरस, ढोलकी आणि चौथा त्याचा.

वंदना झाली, गाणं सुरू झालं, आणि चौथ्या ओळीला घोटाळा झाला.

रेगेत कीबोर्ड ठोक्यावर पडत नाही. ठोका होऊन जातो, मग मधल्या रिकाम्या जागेत कीबोर्ड बोलतो. पण ही माणसं लहानपणापासून वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघून टाळी देत आलेली. विश्वजीतने मधल्या जागेत वाजवलं की टाळी सरकून तिथे येई, मागोमाग ढोलकी. मग तो पुढे सरके. सगळे आदराने त्याच्या मागे. दहा मिनिटांत त्याने मंडळाला दोनदा पूर्ण गोल फिरवून आणलं.

त्याने समजावलं. बोटांवर ठोके मोजून दाखवले. टाळी तुमची, मधली जागा माझी, असं चार वेळा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाचव्या वेळी पुन्हा त्याच्याच हातावर टाळी दिली. दत्ताराम म्हणाला, “दादा, तुम्ही वाजवता तिथेच आम्ही आहोत. काळजी नको.”

दुपारचे दोन वाजले. हरिदासने बॅगेला कुलूप लावलं.

तेव्हा विश्वजीतने स्पीकरची वायर काढली. कीबोर्ड थेट मशीनला जोडला, कानाला हेडफोन लावला आणि सगळ्यांना पाठ करून बसवलं. मी नाहीच असं समजून गा, म्हणाला. त्यांनी तसं समजून गायलं. टाळ्या सरळ पडल्या, ढोलकी सरळ चालली, आणि हेडफोनमध्ये प्रत्येक रिकाम्या जागेत त्याचा हात असा बसला की सहा वर्षांत हॉटेलात कधी बसला नव्हता. शेवटच्या ओळीला त्याचे डोळे भरून आले. घाम म्हणून त्याने ते पुसले.

मग स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवलं. गाणं संपलं. दत्तारामने ढोलकीच्या वाद्या तपासायला घेतल्या.

शेवटी भागीरथाताई हळूच म्हणाल्या, “दादा, राग नका धरू. पेटी चुकून राहिली.”

“कुठे?”

“सगळीकडेच. दरवेळी थोडी उशिरा.”

रेगे असंच असतं, हॉटेलात सहा वर्षं मी असंच वाजवलं, असं विश्वजीत म्हणाला.

“असंच?” ताईंनी पदर सावरला. “अन् त्यांनी काही म्हटलं नाही?”

हरिदासने घड्याळाकडे बघितलं आणि मग विश्वजीतकडे, फार मायेने. त्या बघण्यात कॅन्सल झालेल्या व्हिसाचं कारण कळल्याचं समाधान होतं. तो म्हणाला की जयंतीला चार गावची माणसं ऐकणार, बाबासाहेबांचं गाणं बेताल जाऊन चालणार नाही. ताईंनी हो म्हटलं तर टेप नेतो, नाहीतर राहू दे. त्याने मशीनकडे हात केला. “चौथा वेगळा आहे ना? कोणतं बटण?”

“थांबा,” विश्वजीत म्हणाला. “मी करतो.”

त्याने चौथ्याचं बटण खाली ओढलं आणि गाणं पुन्हा लावलं. ताईंचा आवाज, टाळ्या, ढोलकी. कशात काही कमी नव्हतं. दत्ताराम म्हणाला, आता कसं मोकळं वाटतंय.

ते ऐकत विश्वजीतने टेप भरून घेतली आणि हरिदासच्या हातात दिली. कॅसेटवर माझं नाव नको, तेवढं बघा, म्हणाला.

“असं कसं?” भागीरथाताई म्हणाल्या. “मेहनत तुमची आहे. नाव तर येणारच.”

हरिदासने खिशातून पेन काढलं आणि टेपच्या लेबलावर जय भीमच्या खाली ठसठशीत लिहिलं: संगीत व कीबोर्ड, विश्वजीत.