भुजंगची शेवटची बारी

अर्पितला कुणी वळण लावलंच नाही. बालकिशनशेटचा नातू म्हणून गल्ली त्याचे लाड करते, मी करत नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी आला, पेढ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मावशी, उद्या भुजंगभाऊला मी हळू बॉल टाकणार. त्यांनी ठोकायचा, बस. त्यांना मात्र हे सांगू नका."

"मंग मला कायला सांगून राह्यला?"

"तुम्हाला खुशी होईल म्हणून."

माझ्या लेकाला भीक वाढणार, आणि खुशी मला!

भुजंग बेसबॉलमध्ये कॅचर. मारणाऱ्याच्या मागे उकिडवं बसायचं आणि फेकलेला बॉल झेलायचा, हे त्याचं काम. तोंडावर सदा जाळी. लोकांना तोंड माहीत ते फेकणाऱ्या अर्पितचं. त्याला फेकायला शिकवलं भुजंगनंच, आमच्या अंगणात. माझा रांजण फुटला त्या शिकवणीत. आता भुजंगचे गुडघे गेले. खाली बसला की उठताना जमिनीला हात टेकतो, आणि कुणी पाहिलं का म्हणून आधी इकडंतिकडं बघतो.

दरवर्षी लीग संपली की निवडक खेळाडूंचा सामना होतो. लोक मोबाइलवर मतं देतात, निवडलेल्यांच्या दोन टीम पाडतात. हार-जीत कुणी धरत नाही. खेळ सोडणाऱ्याला शेवटच्या बारीला हलका बॉल द्यायचा, अशी रीतच आहे तिथली. या वर्षी सामना जालन्यात होता, आणि खेळ सोडणारा भुजंग होता. टीम पाडताना हे दोघं समोरासमोर आले. आजवर अर्पितचा बॉल भुजंगनं झेललाच होता, मारायची वेळ कधी आली नव्हती.

मैदानावर गेले तर कुंपणाला टेकून ढोलवाले उभे. माझी सून ज्योत्स्ना हार घेऊन बसलेली.

"ढोल कायचा गं?"

"आत्याबाई, त्यांनी टोला मारला की वाजवायचा हाय."

म्हणजे ढोलवाल्यालाही ठाऊक. भुजंग तेवढा कोरा.

बॅट घेऊन तो आला तशी माणसं उभी राहिली. अर्पितनं हात फिरवला. बॉल असा आला की मीसुद्धा लाटण्यानं मारला असता. भुजंग हलला नाही. अंपायरनं हात वर केला. तीन वेळा असं झालं की गडी बाद, एवढं मलाही कळतं.

"न्हाई मारला? दिसला न्हाई का त्यांना?" ज्योत्स्ना म्हणाली.

"गप बस."

दुसराही तसाच आला. भुजंगनं तो नजरेनं मागच्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यापर्यंत पोहोचवला. लोक ओरडायला लागले. ढोलवाल्यानं टिपरू खाली घेतलं. भुजंगनं बॅट काखेत धरली.

"अर्प्या, हात दुखून राह्यला का?"

"न्हाई, भाऊ."

"मंग जोरानं टाक ना."

अर्पितचा चेहरा उतरला. त्यानं कुंपणाकडं, नेमकं माझ्याकडं पाहिलं. मी नुसते हात जोडले असते तरी त्यानं तिसराही हळूच टाकला असता. ढोल वाजला असता, सुनेचा हार गळ्यात पडला असता, फोटो निघाला असता. भुजंग खाली वाकून वाट बघत होता, त्याचा डावा गुडघा थरथरत होता.

मी होकाराची मान हलवली. टाक.

"काय खुणावलं तुम्ही?" ज्योत्स्नानं माझं मनगट धरलं.

अर्पितनं पाय उचलला. बॉल मला दिसलाच नाही. भुजंगची बॅट फिरली, टिक् असा आवाज झाला, आणि निसटता बॉल मागच्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात जाऊन बसला. बाद.

ढोल गप्प. ज्योत्स्नानं पदर तोंडाला लावला. भुजंगनं मागच्या कॅचरच्या पाठीवर थाप दिली, काहीतरी बोलला, दोघं हसले. मग टोपी काढून सावकाश चालत बाहेर गेला. जाळीमागचं त्याचं तोंड आज सगळं मैदान बघत होतं.

अर्पित धावत कुंपणापाशी आला. डोळे लाल.

"मावशी, मी आऊट केलं भाऊला. शेवटच्या बारीला. लोक थुंकतील माझ्यावर."

"इकडं बघ," मी म्हणाले. "पह्यल्या दोन्ही वेळेला तुला माझं लेकरू म्हातारं दिसलं. मंग गडी दिसला. आऊट झाला तं झाला, बराबर झाला."