चपला बाहेर काढाव्यात

मी डाव्या पायाची चप्पल बोलतेय. उजवीचंही म्हणणं हेच आहे, पण ती फारशी बोलत नाही.

राजेश्रीनं आम्हाला गंगाखेडच्या स्टँडसमोर घेतलं, तेव्हा ती अकरावीत होती. महिन्याभरात माझा पट्टा तुटला. तिच्या वडिलांनी, रंगनाथ यांनी, तो निळ्या दोरीनं शिवून वर बोराएवढी गाठ मारली. तेव्हापासून सगळं गाव मला ओळखतं. माणसं वाटतात त्यापेक्षा जास्त खाली बघतात.

राजेश्रीला दोन महिने खाज होती, अंगावरून पांढरं जात होतं. ती चालताना मध्येच थांबायची. कारण मला माहीत होतं, घरात कुणाला नव्हतं. असलं काही कळलं की पोरीनं काय केलं असेल याची चर्चा होते, मग कॉलेज सुटतं, मग पाहुणे बघायला येतात. शेजारच्या पंकजाचं तसंच झालं. तिच्या चपला आता सासरी असतात.

कॉलेजात आलेल्या धम्मशीला सिस्टर म्हणाल्या होत्या, "दवाखान्यात पाच नंबरच्या खोलीत या. नाव बाहेर जाणार न्हाई." म्हणून एका सोमवारी राजेश्री गेली. केसपेपरच्या खिडकीवर तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पाच नंबरच्या दारावर पाटी होती : चपला बाहेर काढाव्यात. गुणाची पोर, तिनं आम्हाला नीट जोडीनं ठेवलं आणि आत गेली.

नाव बाहेर गेलं नाही. मी मात्र बाहेरच होते.

आमच्याच गल्लीतल्या सरजाबाई बीपीच्या गोळ्यांना आल्या होत्या. त्यांनी माझी गाठ पाहिली आणि समोरच्या बाकावर बैठक मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळून जावं तर पाय लागतात, आणि ते आत होते.

सिस्टर बाहेर आल्या.

"रंगनाथची राजेश्री आत हाय का?" सरजाबाईंनी विचारलं.

"कोन राजेश्री?"

"ह्या चपला तिच्याच हायत की."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आमच्यात पाय घातले. टाचा दोन बोटं बाहेर राहिल्या.

"माझ्या हायत ह्या."

सरजाबाई गाठीकडे बघत राहिल्या. "सरकार पगार देईना का तुमाला?"

"देतंय की. उशिरा."

सिस्टर तशाच फटफट चालत गेल्या, सरजाबाईंना गोळ्या मिळवून दिल्या आणि फाटकापर्यंत सोडून आल्या.

आत राजेश्री रडत होती. "हे लय जणींना होतंय," सिस्टर म्हणाल्या. "तुझं काय चुकलं न्हाई. सात दिवस औषध घे अन् परत ये. ह्या चपला मात्र माझ्या हायत म्हणून सरजाबाईला सांगितलंय, आता तुला घालता यायच्या न्हाईत."

त्यांनी स्वतःच्या सँडल पुढे केल्या. "घरी काय सांगू?" म्हणत ती अनवाणीच गेली.

पोखर्णीच्या देवळातून चपला चोरीला गेल्या, असं तिनं घरी सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे, पीडा गेली." राजेश्रीनं हे आठ दिवसांनी सिस्टरांना हसत सांगितलं. खाज थांबली होती.

पाटी आता काढली आहे. त्या दिवशी नव्या चपला हातात घेऊनच ती आत आली होती. सिस्टरांच्या टेबलाखाली मी दिसले, तेव्हा तिनं वडिलांनी मारलेली गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली आणि मला तिथंच ठेवून गेली. मला वाईट वाटलं. फार वाटलं. पण तिनं मला नेलं नाही, तेच बरं केलं.

तर पोरींनो, पोरांनो, काही दुखत-खुपत असेल तर या. चपला आत आणा. चुकून बाहेर राहिल्या आणि कुणी ओळखल्या, तर त्या सिस्टरांकडं सोडा आणि आम्हाला घालून निघा. कुणी विचारलंच, तर आम्ही सिस्टरांच्या आहोत.