दुःखाचं नाव जोकुदु

“टोंबेच्या आई, आता तुम्ही बोला,” जोकुदु म्हणाली.

बघा तोरा! माझी सख्खी सवत, आणि चारचौघींत मला ‘तुम्ही’ म्हणते. लिहितावाचता येतं म्हणून निर्वासितांच्या छावणीतल्या बायकांना मन सांभाळायला शिकवायचं काम हिला मिळालं. आंब्याखाली स्पीकर ठेवायचा, त्यातली बाई सांगेल ते ऐकायचं, मग हिनं आम्हाला बोलतं करायचं. बायका हिच्या गळ्यात पडून रडायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर पायात आमच्या नवऱ्याच्या, सोकिरीच्या, टायरच्या चपला!

सरहद्दीच्या वाटेवर सोकिरीला गोळी लागली. मी पोरांना घेऊन पुढे निघून आले होते. शेवटी त्याच्यापाशी होती ती हीच. त्यानं माझी आठवण काढली का, एवढंच मला कळायला हवं होतं. कितीदा विचारलं. ही म्हणायची, “काही बोलले नाहीत.”

आज स्पीकरमधली बाई म्हणाली, दुःखाला नाव द्या. राग, भीती असलं काहीतरी तिला हवं असणार. पण आम्ही कुकू जमातीची माणसं. आमच्यात नाव म्हणजे जन्माची हकिकत; पावसात जन्मली ती जोकुदु. माझं दुःख कुठून जन्मलं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

“जोकुदु,” मी म्हणाले.

बायका फिदीफिदी हसल्या. शेजारची पोनी म्हणाली, “अगं बाई, तोंडावर!”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? “आता तुझ्या दुःखाचं नाव सांग की, मास्तरीणबाई!”

तिचा चेहरा उतरला. खाली बघत ती म्हणाली, “किडेन.”

ते माझं नाव. कुणी हसलं नाही.

“त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ताई. पाणी मी पाजत होते. आणि ते मलाच किडेन, किडेन म्हणत होते. नाही सांगवलं मला. जळत होते मी.”

स्पीकर आपोआप पुढे बोलू लागला. पाय जमिनीवर घट्ट टेका, त्यातली बाई म्हणाली. जोकुदुनं चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या आणि अनवाणी पाय टेकले. ऊन सरकून तिथवर आलं होतं.

मी चपला हातात घेतल्या. त्यांत त्याच्या पावलाचा खळगा होता, आणि त्याच्या आत तिच्या लहान पावलाचा.

“घाल गं,” मी म्हटलं. “भुई तापलीय.”