पाखरांचं शीड

मी शीड बोलतोय. होडीचं शीड. पण आता मला हुंगून पाहाल तर खाऱ्या पाण्याचा वास येणार नाही, रॉकेलचा येईल. तुम्ही म्हणाल, शिडाचा आणि रॉकेलचा काय संबंध? तेच सांगायचंय. सांगण्यापलीकडं मला दुसरं काही करताही येत नाही.

माझा जन्म धाकट्या डहाणूचा. भिका नावाच्या मच्छीमारानं जाडं सुती कापड आणलं आणि त्याच्या बायकोनं, जानीनं, अंगणात बसून मला दाभणानं शिवलं. शिवताना ती सारखी बोलायची आणि भिका नुसता हूं हूं करायचा. डोलकाठीवर चढवलं तेव्हा मला एकच गोष्ट शिकायची होती. वारा आला की पोट फुगवायचं. शिडाला याहून जास्त अक्कल लागत नाही. सात वर्षं मी तेवढंच इमानेइतबारे केलं.

मग विरलो. ठिगळांवर ठिगळं चढली. छप्पन्न सालच्या नारळी पुनवेला भिकानं नवं शीड बांधलं आणि मी कुडाच्या कोपऱ्यात जाऊन पडलो, उंदरांच्या तावडीत.

तिथून मला अण्णांनी नेलं. खाडीकाठी त्यांचं घर आणि घरामागं चिकूची छोटी वाडी. दोन वर्षं त्यांच्या चिकूच्या कळ्या फुलायच्या आधीच गळत होत्या. कळी फोडली की आत बारीक अळी. ही अळी कोणत्या पाखराची, ते कळल्याशिवाय अण्णांना अन्न गोड लागेना. त्यांनी मुंबईहून चित्रांचं जाडजूड पुस्तक, एक भिंग आणि रॉकेलवर जळणारी गॅसबत्ती आणली. रात्री उजेडावर येणारी पाखरं बसायला मोठं पांढरं कापड हवं होतं. भिकानं मला फुकट देऊन टाकलं आणि अण्णांनी त्याच्या घरी टोपलीभर चिकू पाठवले.

दिवेलागणीनंतर मला दोन बांबूंना ताणून बांधायचे आणि पुढ्यात बत्ती ठेवायचे. थोड्याच वेळात पाखरं येऊन अंगावर बसत. हिरवी, राखी, वाळल्या पानासारखी दिसणारी. त्यांच्या पायांनी गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. अण्णा स्टुलावर बसून एकेकाला भिंगातून न्याहाळायचे, पुस्तकातल्या चित्राशी ताडायचे, वहीत नाव लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच खोडायचे. एका बिचाऱ्या पाखराचं आठवड्यात तीनदा बारसं झालं.

"लग्नाला सोळा वर्षं झाली," त्यांची बायको रतन ओसरीवरून म्हणायची, "माझ्याकडं कधी भिंग लावून बघितलं नाहीत!"

चांदणं असलं की पाखरं फारशी फिरकत नाहीत. त्यामुळं अण्णांचा सगळा उद्योग अमावस्येच्या आसपास चालायचा. आणि काळोखाचे तेच दिवस मच्छीमारांना जड जातात. होडी बाहेर असली की घरची बाई कंदील घेऊन खाडीच्या वळणावर उभी राहते. होडीवाला लांबून तिच्या नावानं हाक मारतो. बाईचा आवाज पाण्यावर पोचेलच असं नाही, म्हणून ती कंदील हलवून ओ देते. उजेड हलला की तो आपला. मग खुशाल तिकडं होडी वळवायची.

म्हणून एकदा जानी अण्णांकडं आली. "अण्णा, तुमची बत्ती लांबून दिसते ओ. आमच्या माणसांना फसवंल ती."

"बरं झालं सांगितलंस," अण्णा म्हणाले. "बत्ती वाडीच्या अंगाला ठेवतो. खाडीकडं हे शीड येईल आडोशाला. मग नाही दिसणार."

त्यांनी लगेच तसं केलंही. जानीचं समाधान झालं, अण्णांचंही झालं. मला कुणी विचारलं नाही. मी विरलेलं कापड, माझ्यातून उजेड आरपार जायचा. बत्ती वीतभर होती, तिचा उजेड मी दाराएवढा करून खाडीला दाखवत होतो.

अठ्ठावन्न सालचा भाद्रपद. अमावस्या दुसऱ्या दिवशी होती. अंधार पडून थोडाच वेळ झाला होता. माझ्यावर एक इवलंसं राखाडी पाखरू येऊन बसलं आणि अण्णा स्टुलावरून उठलेच. "रतन, अगं सापडलं! हेच ते!" पुस्तक उघडलं, भिंग डोळ्याला लागलं, आणि त्यांना जगाचा विसर पडला.

तेवढ्यात खाडीच्या तोंडाकडून हाक आली. "जानीऽऽ!"

तो आवाज मी सात वर्षं ऐकला होता. भिका एकटाच जाळी उचलायला गेला होता. अण्णांच्या कानाशी बत्ती फुसफुसत होती, त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी मनात म्हटलं, आता आपण हलायचं नाही. काही झालं तरी हलायचं नाही. पण माझी खालची दोरी सुटली होती, आणि वारा आला.

वारा आला की मी काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं पोट फुगलं. मी एका अंगाला उडालो, बत्ती उघडी पडली, मग झाकली, पुन्हा उघडी पडली.

"आलो गंऽ!" भिका ओरडला.

खाडीच्या तोंडाशी आमच्या बाजूला सगळा खडक आहे. लाकूड फुटल्याचा आवाज झाला तो मात्र अण्णांनी ऐकला. बत्ती उचलून ते तसेच पाण्याकडं धावले, माणसं गोळा झाली, पण भिका सकाळी ओहोटीला सापडला.

तेरावं झाल्यावर जानी आली. रतननं पाट मांडला, पण ती बसली नाही. "अण्णा, त्यानं हाक मारली होती का ओ? मी वळणावरच उभी होते. मना काय आयकू नाय आलं."

अण्णांची मान वर होईना. "मी नाही ऐकली, जानी. मी पाखरात होतो. चूक माझी आहे."

"मंग नसंल मारली," ती म्हणाली. "इसरला असंल मना." आणि निघून गेली. मी तिथंच वळचणीला घडी होऊन पडलो होतो, तिच्या हाताच्या अंतरावर. तिचेच टाके माझ्या अंगावर होते आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

त्याला सहा वर्षं झाली. अण्णांनी वहीत त्या पाखराचं नाव लिहिलं. पुढची पानं कोरी आहेत. कळ्यांवर त्यांनी औषध कधी मारलंच नाही. बत्ती लावली नाही, मलाही माळ्यावर टाकलं. आता मला झुरळं खातात. खाऊ देत.

पण तुम्ही मला ऐकताय, आणि तुम्हाला पाय आहेत. धाकट्या डहाणूला जा आणि जानीला गाठा. उजेड मी हलवला, हेही सांगा. तिनं मला चुलीत घातलं तरी चालेल. पण आधी हे सांगा, की तो विसरला नव्हता. त्यानं तिलाच हाक मारली होती, आणि उजेड हलल्यावर 'आलो गं' म्हणाला होता.