होडी, गडगा, वारूळ

पक्षाघाताच्या झटक्यानंतर दमयंतीबाईंचं चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. वाचणं मात्र गेलं ते गेलंच. अक्षरं स्वच्छ दिसत, पण लागत नसत. लिहिता येई; पण स्वतः लिहिलेलंही वाचता येत नसे. मेंदूत तेवढीच एक वाट बंद झाली होती.

"आता आंब्याची बाग करारानं देऊन टाकू," दत्तात्रेय म्हणाले. निवृत्तीनंतरही नवऱ्याचं पाऊल कधी बागेत पडलं नव्हतं. "फवारणीच्या नोंदी वाचता येत नाहीत, बाग कसली सांभाळतेस?"

दमयंतीबाईंनी भाचीला, मृणालीला, बोलावून घेतलं. कॉम्प्युटरवर बागेच्या प्रत्येक भागाचं एक फोल्डर होतं. मृणालीनं त्यांवरची पिवळी चित्रं काढून ओळखीची लावली. खाडीकडच्या कलमांना होडी, वरच्या अंगाला तिथल्या दगडी बांधाचा गडगा, जुन्या कलमांना वारूळ. आत झाडांचे फोटो आणि मावशीच्या आवाजातल्या नोंदी.

"आता मला शिकव. वाचायला न लागता."

"सोप्पं आहे मावशी. माउसचं उजवं बटण दाब. जे उघडेल त्यात सगळ्यात खालचं. मग वरच्या ओळीत शेवटचं. मग परत सगळ्यात खालचं. पुढे चित्रांचा खण उघडायचा, झालं."

दत्तात्रेय दारातून हसले. "बालवाडी काढलीस काय गो?"

"काढली. तुमचं नाव घालू?"

मोहोर आला. खाडीकडे तुडतुडे दिसले, दमयंतीबाईंनी उभं राहून फवारणी करून घेतली आणि होडीत नोंद बोलून ठेवली.

आठवड्याभरात दत्तात्रेय पावसकरांना घेऊन आले. हे बागा करारानं घेणारे व्यापारी.

"खाडीकडे शेवटचं औषध कुठलं मारलंत, वहिनी?" पावसकरांनी विचारलं.

दमयंतीबाईंनी कॉम्प्युटर लावला. होडी नव्हती. गडगा नव्हता. सगळी फोल्डरं पिवळी, एकासारखं एक.

"चारचौघांत बरं दिसत नव्हतं," दत्तात्रेय म्हणाले. "मीच पूर्वीसारखं केलं. सरक, मी वाचतो."

"बसा तिथंच." आवाज चढला नव्हता, पण दत्तात्रेय बसले. "पावसकर, चहा घ्या. जरा वेळ लागेल."

त्यांनी पहिलं फोल्डर उघडलं. फोटोत दगडी बांध. बंद केलं. उजवं बटण, खालचं, शेवटचं, खालचं. गडगा उभा राहिला. एकदा हात चुकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पावसकरांचा चहा संपला तरी त्या घाईला आल्या नाहीत. वारूळ झालं. मग खाडीच्या पाण्यालगतची कलमं दिसली, आणि होडी आपल्या जागी आली. त्यांनी ती उघडून नोंद लावली. खोलीत त्यांचाच आवाज घुमला: औषधाचं नाव, प्रमाण, वारा कुठून होता तेसुद्धा.

"चोख काम आहे," पावसकर म्हणाले. "मग करार..."

"करार नाही. बाग माझी आहे, माहेरून आलेली. मीच बघणार."

"अगं, पण मी शब्द दिलाय त्यांना!"

"तो तुमचा. मी कुठे दिलाय?"

एक पिवळं फोल्डर उरलं होतं. आत एकही झाड नव्हतं, नुसती अक्षरं.

"हे काय?"

दत्तात्रेय चाचरले. "कराराचा मसुदा."

दमयंतीबाईंनी तो धरून पडद्याच्या कोपऱ्यात ओढत नेला. कचऱ्याच्या डब्याचं चित्र कुणाला बदलावं लागलं नव्हतं. ते त्यांना पहिल्यापासून लागत होतं.